ब्येन आयीला काय म्हणायचं

ब्येन आयी आमच्या घरी आली तेव्हा रेवा चाळीस दिवसांची होती. आल्या आल्या तिनं पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, मला पायात मोजे घालायला लावले आणि मग रेवाला उचलून उलटीसुलटी करून बघितलं, बाजारात वांगं बघावं तसं. "नाक बसकं आहे," ती म्हणाली, "पण पोर लहान आहे, वर येईल." त्या दिवसापासून ती रोज सकाळी रेवाचं नाक चिमटीत धरून ओढायची. माझ्या सासूबाईंनी इचलकरंजीहून व्हिडिओ कॉलवर हे बघितलं आणि म्हणाल्या, बाई चांगली मिळालीय, सोडू नकोस.

आम्ही चीनमध्ये, खछ्याओ नावाच्या कापडबाजाराच्या शहरात राहतो. माझा नवरा रणजित इचलकरंजीच्या आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांना इथून कापड मिळवून देतो. अकरा वर्षं झाली. मला इथली भाषा भाजीवालीशी भांडण्याइतकी येते, आणि ब्येन आयी आल्यावर ती आणखी सुधारली, कारण घरातल्या घरात सराव मिळायला लागला. कोमट दूध द्यायचं की गरम, एक अंगडं की तीन, ताप आला की गुंडाळायचं की उघडं ठेवायचं, सगळ्यावर आमचं वाजायचं. एका बाबतीत मात्र आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. बाळाला मोरीत धरून 'शू शू' करायचं, हे तिच्याकडेही तसंच आहे, शब्दसुद्धा तोच. तेव्हापासून तिनं आम्हाला माणसांत धरलं.

ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती, बुटकी, रुंद खांद्यांची. एक दात सोन्याचा होता आणि हसताना ती त्याच्यावर हात धरायची. तिचं गाव आनह्वेई प्रांतात, नानजिंगच्या अलीकडे. सतरा वर्षं लोकांची पोरं सांभाळली, अकरा पोरं. जुन्या मालकिणींची उणीदुणी ती भाजी निवडताना काढायची आणि मी चवीनं ऐकायची. उद्या माझीही अशीच निघणार हे मला कळत होतं. मी तिला आयी म्हणायची, सगळेच म्हणतात. इथे मावशीला आयी, शेजारणीला आयी आणि पगारी बाईलाही आयी. ती मला 'वावामा' म्हणायची. वावा म्हणजे बाळ, आणि मा ती माच.

तिची स्वतःची एक मुलगी होती, श्याओमान. ती जन्मली तेव्हा गावातल्या आंधळ्या ज्योतिषानं जन्मवेळ ऐकून बोटं मोजली आणि सांगितलं, ही पोर आईच्या मुळावर आहे. हिनं आईला मा म्हटलं तर दोघींतली एक राहायची नाही. मग काय म्हणायचं? आयी म्हणायचं. नशिबाला कळूच द्यायचं नाही की ही हिची आई आहे. गावात अशी आणखी चारदोन पोरं होती, कुणी बापाला काका म्हणायचं, कुणी आईला वहिनी. त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

"एकदाही नाही म्हणाली? चुकून?" मी विचारलं होतं.

"चार वर्षांची असताना म्हणाली एकदा. शेजारच्या पोराचं ऐकून." ती लसूण सोलत होती. "मी मुस्काटात दिली. मग नाही म्हणाली."

त्याच वर्षी ती गाव सोडून शहरात आली. नवरा आधीच वारला होता. पोर आजीकडे आणि मामाकडे वाढली. ब्येन आयी वर्षातून एकदा नवीन वर्षाला घरी जायची, आठ दिवस राहायची, आणि श्याओमान तिला आयी म्हणून चहा आणून द्यायची. पाहुणीला देतात तसा.

पण त्या आंधळ्यानं एक फट ठेवली होती. ब्येन आयीनं त्याला विचारलं होतं, हे कधीपर्यंत? तो म्हणाला, पोर दुसऱ्याच्या घरची होईल तेव्हा ग्रह सुटेल. त्या एका वाक्यावर बाईनं तेवीस वर्षं काढली. आता श्याओमान नानजिंगमध्ये नखं रंगवायच्या दुकानात कामाला होती, आणि तिचं लग्न ठरलं होतं. मे महिन्यातल्या एका रविवारी नानजिंगच्या हॉटेलात साखरपुड्याचं जेवण होतं. त्या दिवशी सून सासूला पहिल्यांदा मा म्हणते, हाक बदलायचा तो दिवस. ब्येन आयीचं म्हणणं साधं होतं. सासूला म्हणेल, मग मलाही म्हणेल. एकदा म्हटलं तरी पुरे.

तिनं रविवारची सुट्टी मागितली. श्याओमाननं बोलावलं आहे ना, असं मी विचारलं. तर तिनं मला फोन दाखवला. पोरीनं लिहिलं होतं, येण्याची गरज नाही, लांब पडेल, मामा-मामी बसतील. ब्येन आयी म्हणाली, "माझा पगार कापला जाईल म्हणून काळजी करते. लहानपणापासून समजूतदार आहे." हॉटेलचं नाव तिनं पोरीनंच फोनवर टाकलेल्या लाल आमंत्रणातून शोधलं होतं. मला सगळं कळलं. तिलाही कळत असणार, पण माणूस स्वतःपुरतं न कळल्यासारखं करू शकतो. मला तेव्हा एवढीच काळजी होती की रविवारी रेवाला कोण बघणार. म्हणून मीच म्हटलं, आपण सगळेच जाऊ. शनिवारी नानजिंग बघू, रविवारी दुपारी तुम्ही जेवणाला जा. ती इतकी खूश झाली की तिनं रणजितलाही दोन दिवस टोमणा मारला नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघालो. दोन तासांत नानजिंग. रेवा तेरा महिन्यांची होती, नुकतंच जावळ काढलेलं, डोक्याचा तुळतुळीत गोटा, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. ब्येन आयीला काजळ आवडायचं नाही, पण त्या दिवशी तिनंच घालायला लावलं. का, ते छिनह्वाई नदीच्या काठावर पोचलो तेव्हा कळलं. तिला मिरवायचं होतं.

लोकांनी रेवाला बघितलं आणि गर्दी झाली. हे आम्हाला नवीन नाही, पण खछ्याओमध्ये आमच्यासारखे पुष्कळ आहेत, तिथे दोन बायका वळून बघतात आणि जातात. इथे सुट्टीचा दिवस, गावोगावच्या सहली, आणि मध्ये हे काळ्याभोर डोळ्यांचं टक्कल. पापण्या खऱ्या आहेत का म्हणून एका म्हातारीनं बोट लावून बघितलं. दुसरीनं तीट थुंकी लावून पुसली. तिसरीनं रेवाचे उघडे पाय धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, मोजे नाहीत, कसली आई आहे ही. मी तिला तिच्याच भाषेत म्हटलं की पंचवीस अंश तापमान आहे. तिनं ऐकलंच नाही. प्रश्न सगळे ब्येन आयीला. भात खातं का? आपलं बोलणं कळतं का? मुलगा ना? आणि ब्येन आयी प्रदर्शनातली गाय असावी तशी रेवाला कडेवर फिरवत उत्तरं देत होती. "चाळीस दिवसांची असल्यापासून माझ्याकडे आहे. नाक मी वर काढलंय."

मग फोटो. एका नव्या जोडप्याला हवा होता, मग त्यांच्या सासूला, मग पिवळ्या टोप्या घातलेल्या सहलीतल्या सगळ्यांना. ब्येन आयीनं रेवाला एकीच्या हातात दिलं, तिनं दुसरीच्या, आणि पिवळ्या टोप्यांमध्ये माझी मुलगी दिसेनाशी झाली. तीन मिनिटं असतील. त्या तीन मिनिटांत मी काय काय ओरडले मला आठवत नाही. रणजित दोन माणसांना ढकलून आत घुसला. मग रेवाचं रडणं ऐकू आलं आणि ती डोक्यांवरून, हातांहातांतून परत आली, लाल झालेली, गालावर कुणाची तरी लिपस्टिक. मी दोन्ही हात पुढे केले.

रेवानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि हात पसरून ओरडली, "आई!"

ब्येन आयी पलीकडे उभी होती. रेवा माझ्या हातांवरून सरपटत तिच्याकडे गेली आणि तिच्या गळ्यात पडली.

तेरा महिने मी त्या शब्दाची वाट बघत होते. बाबा म्हणून झालं होतं, काऊ म्हणून झालं होतं, इथल्या भाषेत भात म्हणून झालं होतं. आणि पिवळ्या टोप्यांना तर केवढा आनंद झाला. "ऐकलंत का, परदेशी बाळ आयी म्हणालं. शुद्ध बोलतंय." त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण मला म्हणाला, "तुझ्यापेक्षा आयीवर जास्त जीव आहे त्याचा." तो चांगल्या मनानं म्हणाला असेल. त्याला नदीत ढकलावंसं मला वाटलं.

हॉटेलच्या खोलीत आल्यावर मी रडले. ब्येन आयीनं गरम पाणी आणून दिलं. तिच्या मते कशावरही उपाय गरम पाणी हाच. तिला वाटलं पोर हरवलं म्हणून मी घाबरले. ती म्हणाली, चूक माझी आहे, मी हातातून सोडायला नको होतं, ओरड मला. त्यावर रणजितनं, ज्याला घरात शांतता पसरवायची म्हणजे काहीतरी विनोद करायचा एवढंच येतं, आपल्या मोडक्या भाषेत तिला सांगितलं की ही त्यासाठी रडत नाहीये. आमच्या भाषेत आई म्हणजे मा.

ब्येन आयीला आधी कळलं नाही. त्यानं परत सांगितलं. पोर तुला हाक मारत होतं की हिला, देवाला ठाऊक, पण आमच्या गावात कुणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, आपल्या मा ला बोलावतंय.

ती पलंगाच्या कडेवर बसली. कामावर असताना ती आमच्या पलंगावर कधी बसायची नाही.

"म्हणजे," ती हळूहळू म्हणाली, "माझी श्याओमान तुमच्या गावात आली, आणि भर रस्त्यात तिनं मला हाक मारली, आयी, तर लोक काय समजतील?"

"समजतील की आईला हाक मारतेय," रणजित म्हणाला.

ती हसायला लागली. दातावर हात धरायचंही विसरली. "त्या आंधळ्याला तुमची भाषा येत नव्हती," ती म्हणाली. "तेवीस वर्षं पोर मला मा म्हणते आहे आणि नशिबाला पत्ता नाही." मग तिनं ते दोनतीनदा म्हणून बघितलं, आयी, आई, आयी, आणि मला विचारलं, बरोबर येतंय का.

मी म्हटलं, "नाही. वेगळं आहे. तुमचा सूर वर चढतो, आमचा चढत नाही. त्याचा अर्थ तसा होत नाही."

खोटं नव्हतं ते. पण ते सांगायची तिथे काही गरज नव्हती. माझा एकुलता एक शब्द या बाईनं माझ्या पोरीकडून घेतला होता, आणि आता तोच ती स्वतःच्या पोरीसाठीही वापरणार होती. एका शब्दात दोन लेकी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला मात्र माझ्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, उद्या मी हे श्याओमानला सांगणार. ती मा म्हणायला लाजली, तर म्हणेन, राहू दे, तू म्हणतेच आहेस.

रविवारी सकाळी तिनं मरून रंगाचं जाकीट घातलं. त्यासाठी ती खछ्याओच्या बाजारात तीन रविवार हिंडली होती. केस रंगवले होते, कपाळावर थोडा रंग राहिला होता. खिशात नव्या नोटांचं लाल पाकीट होतं. जावई पहिल्यांदा मा म्हणतो तेव्हा त्याला द्यावं लागतं. ती मला विचारत होती, रंग दिसतोय का गं कपाळावर. मी म्हटलं, दिसत नाही. आणि म्हटलं, रेवाला बरोबर न्या.

तिला वाटलं मी थट्टा करते.

"आज नको, वावामा. आजचा एक दिवस."

"तुमच्याशिवाय राहत नाही ना ती," मी म्हटलं. "काल सगळ्या नदीकाठानं ऐकलं."

मग तिनं रेवाची पिशवी भरली, दुधाची बाटली, लंगोट, पुसायचं फडकं, आणि जाकिटावर ओघळ येऊ नये म्हणून खांद्यावर रुमाल टाकून रेवाला कडेवर घेतलं. रणजित फोनवर क्रिकेट बघत होता. तो म्हणाला, जरा जास्त होतंय तुझं. मी म्हटलं, तुला काय कळतं.

दहा मिनिटांनी मी निघाले. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. कालच्या गर्दीनंतर पोर तिच्या भरवशावर सोडवत नव्हतं, एवढंच. जेवणाचं हॉटेल दोन गल्ल्या पलीकडे होतं. वरच्या मजल्यावर जेवणाच्या बंद खोल्या होत्या. एका दारावर लाल कागद चिकटवला होता आणि दार अर्धं उघडं होतं. ब्येन आयी नुकतीच आत गेली असावी, कारण ती अजून उभीच होती. मी बाहेर भिंतीशी थांबले. गोल टेबल, मध्ये मीठ लावलेलं बदक, आठ माणसं. तिचा भाऊ आणि भावजय मी फोटोत बघितले होते. ते दोघे पोरीच्या आईबापांच्या जागेवर बसले होते. श्याओमान लाल झग्यात, नखं लाल, आईसारखेच रुंद खांदे.

नवऱ्या मुलाची आई जाडजूड, हसरी बाई होती. तिचं सगळं लक्ष रेवाकडे गेलं.

"अगं बाई, परदेशी बाळ. आजच्या दिवशी दारात परदेशी बाळ आलं, केवढा शकुन." मग तिनं श्याओमानला विचारलं, "या कोण गं?"

श्याओमाननं वर बघितलं.

"आयी," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. जन्मभर तिनं आईला हेच म्हटलं होतं. पण कडेवर पोर, खांद्यावर रुमाल, हातात दुधाची बाटली, आणि तोंडाला आलेला तो शब्द. खोलीतल्या कुणालाही यात विचारण्यासारखं काही उरलं नाही. तरी त्या बाईनं विचारलंच, कुणाकडे असतात कामाला, आपल्या ओळखीच्या का.

भावानं बदकाकडे बघत उत्तर दिलं, "गावाकडच्या आहेत. ओळखीच्या."

मला नंतर कळलं, श्याओमाननं त्यांना सांगितलं होतं की आई लहानपणीच गेली. लोकांच्या पोरांची शू काढणारी आई सांगण्यापेक्षा मेलेली आई बरी दिसते. त्या मुलाच्या घरचे शिक्षक होते.

ब्येन आयी पोरीकडे बघत होती. एक शब्द हवा होता तिला, आणि खोलीतल्या एकाच माणसाकडे तो होता. श्याओमान आपल्या वाटीत बघत बसली. वाटी रिकामी होती. मग ब्येन आयी स्वतःच बोलली.

"हो, ओळखीची," ती म्हणाली. "इथनं चालले होते. म्हटलं पोरीला बघून जावं. लहानपणी खेळवलंय हिला."

"मग तर बसा ना," असं म्हणत त्या बाईनं रेवाला तिच्याकडून काढूनही घेतलं आणि होणाऱ्या नवरानवरीच्या मांडीवर ठेवलं. मुलगाच हवा, असाच गोटा हवा, असे मोठे डोळे हवेत, सगळे हसत होते, फोन निघाले होते. श्याओमानच्या मांडीवर माझी मुलगी. श्याओमाननं तिला धरलं नव्हतं, हात बाजूला ठेवले होते. रेवानं दोन क्षण सगळ्यांकडे बघितलं आणि रडायला लागली. तिनं हात पसरले आणि परत तेच म्हणाली.

"बघा, आयीला बोलावतंय," ती बाई हसून म्हणाली. "कसा लळा लागतो या पोरांना. जा हं आयी, बाहेर घेऊन जा, गप्प होईल. मी तुमच्यासाठी बाहेर शेवयांचा वाडगा पाठवते."

ब्येन आयी रेवाला घेऊन बाहेर आली आणि समोर मी उभी. तिला नवल वाटलं नाही. रेवा तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती, मरून जाकिटावर शेंबूड लागला होता. मी तोंड उघडलं असेल, कारण ती म्हणाली, "बोलू नकोस, वावामा. तिचं मोडेल."

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, आता हाक बदला. मग श्याओमानचा आवाज, स्पष्ट, चांगला मोठा, "मा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई म्हणाली, परत म्हण. ती परत म्हणाली. ब्येन आयी रेवाच्या पाठीवर थोपटत होती. तिचा हात थांबला नाही, मी बघत होते.

थोड्या वेळानं ती बाई बाहेर आली. शेवया सांगायच्या राहिल्या म्हणाली. तिनं मला बघितलं, माझा रंग बघितला आणि ओळखलं.

"तुम्ही आई का याची? काय देखणा मुलगा आहे हो."

मला त्या वेळी दोन खऱ्या गोष्टी माहीत होत्या. एक तिच्या सुनेबद्दल, आणि ब्येन आयीनं ती बोलू नको म्हटलं होतं. पण तिनं नको म्हटलं म्हणून मी गप्प राहिले असं मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या भानगडीत कोण पडणार, असंच मला वाटलं होतं. मी दुसरी गोष्ट सांगितली.

"मुलगी आहे," मी म्हटलं.

बाईचा चेहरा उतरला. मांडीवर मुलगी बसवली होती तिनं, शकुन म्हणून. पण बाई रीतीची होती. तिनं खिशातून एक छोटं लाल पाकीट काढलं आणि ब्येन आयीपुढे धरलं. "तुम्हाला पायपीट पडली, घ्या."

असं पाकीट एका हातानं घेत नाहीत, वाईट दिसतं. म्हणून ब्येन आयीनं रेवाला माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, मान लवून म्हणाली, शंभर वर्षं सुखानं नांदोत. रेवा माझ्याकडे न रडता आली. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मला आनंद झाला. तिथे, त्या दारात, तेव्हा. मी तो लपवलाही नाही.

शेवयांचा वाडगा आला. ब्येन आयीनं तो बाहेरच्या टेबलावर बसून शेवटच्या घोटापर्यंत संपवला. पोरीच्या साखरपुड्याचं अन्न आहे, टाकायचं नसतं, म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. रणजित झोपला होता. तिनं जाकीट काढून घडी करून पिशवीत तळाशी घातलं होतं. मग ती एकदम म्हणाली, "तुमच्या भाषेत आयीला काय म्हणतात? मा नाही. आयी. पगारी."

मी म्हटलं, "मावशी."

तिला व म्हणता येईना. माउशी, माउशी, असं तिनं पाचसहा वेळा घोटलं. मग रेवाला मांडीवर घेतलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई." स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माउशी." परत पहिल्यापासून. ती पोरांना अशीच शिकवायची, शंभरदा, न कंटाळता. हे तिनं आदल्या महिन्यात केलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. आताही मी तिला थांब म्हटलं नाही. उलट तिचा उच्चार सुधारून दिला.

रेवाला खेळ वाटला. माझ्याकडे बोट करून ती 'आई' म्हणाली. ब्येन आयीनं शाबासकी दिली. मग तिनं ब्येन आयीच्या छातीवर बोट ठेवलं आणि तिला जमला तेवढा शब्द म्हणाली.

"मा."

पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी कौतुकानं हसली. "मा म्हणतंय की तुम्हाला," ती म्हणाली.

"नाही," ब्येन आयी म्हणाली. "मी कामाला आहे त्यांच्याकडे." आणि रेवाचं बोट आपल्या छातीवरून उचलून ती खालच्या आवाजात म्हणाली, "पुढचं म्हण. अर्धं नको, पुढचं म्हण."

रेवाला अजून पुढचं येत नव्हतं. ती परत तेच म्हणाली.